एक मूठ मुरमुरे

खोली बघायला गेल्यावर सोबतच्या मैत्रिणीचं आडनाव ऐकून घरमालकिणीने जागा नाकारली, तर तुम्ही काय कराल? कच्चा कांदा घातलेल्या मुरमुऱ्यांचा वास आला की मला भंडाऱ्यातलं ते घर दिसतं. कॉलेजसाठी खोली शोधत मी आणि माझी मैत्रीण कोंढा गावाहून आलो होतो. आधी पाहिलेल्या खोल्या मुक्या होत्या. इथे मात्र पाच मुली एका परातीभोवती बसून खिदळत होत्या. "या वं, कांदा संपाच्या आत बसा," म्हणत एकीने आमच्या हातांवर मूठमूठ मुरमुरे ठेवले. "दोघीले जागा हाय," मालकीणही हसून म्हणाली. मग तिने आडनावं विचारली. माझं चाललं. मैत्रिणीच्या आडनावावरून तिला जात कळली आणि ती म्हणाली, "एकच खाट रिकामी हाय न बाई." परातीभोवतीचं हसू थांबलं. जातीविरुद्धची माझ्या वडिलांची पत्रकं आठवडी बाजारात वाटत मोठी झालेली मी, पिशवी पायाशी ठेवून जमिनीकडे बघत राहिले. मैत्रिणीने आपली मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली. "माया वाट्याचे बी तूच खाय. तुले गमते ना इथं," एवढं बोलून ती जिना उतरली. थोड्या वेळाने मुली पुन्हा हसायला लागल्या, आणि मी ते मुरमुरे खाल्ले. तीन वर्षं तिथेच राहिले. आजही कुठे मुली खिदळल्या की मला जिन्यावरची तिची पावलं ऐकू येतात. तुमच्यासमोर असं कधी घडलं, तर भाषण देऊ नका; आपली पिशवी उचला आणि तिच्याबरोबर जिना उतरा.