आमचाच अडुळसा का लागतो

कचेरीतलं उर्दू जाऊन मराठी आलं, त्या सुमाराला अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बदली नळदुर्गला झाली. ते कारकून. आई बार्शीची, मोठ्या गोतावळ्यात वाढलेली. नव्या गावात तिचं कुणीच नव्हतं. सुरुवातीला ती भिंतींशीच बोलायची म्हटलं तरी चालेल. मग परसातल्या अडुळशानं तिला माणसं आणून दिली.

अडुळसा बारा महिने हिरवा, शेळीसुद्धा तोंड लावत नाही इतका कडू, पण खोकल्यावर जालीम. आळीत दुसरीकडे कुठंच नव्हता. "वैनी, चार पानं देता का? पोरगं लई खोकतंय," म्हणत एकेक बाई यायची. पानं तोडायला कितीसा वेळ लागतो? पण आई पाट मांडायची, चहा टाकायची, आणि बाई बसली की बसली. समोरच्या आजी तर घरात कुणी खोकत नसतानाही यायच्या.

झाड पुढं असं माजलं की मागचं दार उघडेना. त्यातच बुडाशी सापाची कात निघाली. अण्णांनी रविवारी कोयता घेतला आणि सपासप छाटून झाड कमरेइतकं केलं.

"अहो, पुरे! बोडकं करता का त्याला?" आई ओरडली.

"फुटेल की पुन्हा," अण्णा म्हणाले. तेवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले! पानं न्यायला आलेल्या बायकांना म्हणाले, "नुसती पानं कशाला? फांद्याच न्या. मातीत खोचली की लागते. दरवेळी हेलपाटा नको."

आईचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "थांबा, मी नीट बांधून देते," आणि फांद्या उचलून न्हाणीत गेली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली एकेक जुडी घेऊन बायका खुशीत गेल्या.

एकीचीही फांदी लागली नाही. आणि आमच्या उकिरड्यावर फेकलेल्या काड्यांना मात्र कोंब! मला पहिल्यापासून नाक खुपसायची खोड. शाळेतून येताना मी घरोघरच्या काड्या उपटून बघायची. बुडं काळी, मऊ पडलेली. "म्हणून लागत न्हाय, भवाने! तूच उपटतीस!" म्हणत समोरच्या आजींनी माझा कान पिळला. अण्णा म्हणाले, इथली माती खारी. आजी म्हणाल्या, "हिच्या हाताचा गुण हाय, दुसरं काय?" आई हसली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. पण माझं काही समाधान होईना. आख्ख्या आळीची माती खारी आणि आमचा उकिरडा तेवढा गोड, असं कसं?

पुढच्या वर्षी पुन्हा छाटणी, पुन्हा बायका, पुन्हा "थांबा, बांधून देते". ह्या वेळी मी मागोमाग न्हाणीत शिरले. आईनं बंबातलं कढत पाणी बादलीत सोडलं होतं आणि फांद्यांची बुडं त्यात बुडवून ती बसली होती.

"अगं आई, मरतील की त्या!"

"हळू बोल, मेले!" तिनं दार लोटलं. मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सगळ्यांच्या दारात अडुळसा झाला, तर आपल्या दारात कोण येईल गं? माझं कोण आहे इथं?"

मला इतकं वाईट वाटलं की पुढं काही विचारवेना. फडकी भिजवून एकेक तिच्या हातात देत राहिले.

काही वर्षांनी अण्णांची पुन्हा बदली झाली. बंबसुद्धा सामानात बांधून झाला. निघायच्या सकाळी आईनं स्वतः कोयता घेतला, चांगल्या जून फांद्या कापल्या आणि आळीत वाटायला निघाली. मी जुड्या सांभाळत मागं.

"ह्या लागतील बघा, आजी," आई म्हणाली.

आजींनी फांदीचं बूड नखानं खरवडलं. आतून हिरवंगार निघालं. "आवंदा पोळली न्हाईस व्हय?"

आईनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शिजलेली काडी वळकत न्हाय व्हय मला? समद्या जणींला म्हाईत हाय," म्हणत आजींनी तिला जवळ ओढलं. "पण पोरी, आमाला तरी घरातनं भाईर पडाया दुसरं निमित्त कुठं होतं?"