टाकेबाईंचे अठ्ठावीस दिवस

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे टाकेबाई म्हणत. छापील पानांचे घडी घातलेले गठ्ठे, म्हणजे फर्मे, जुळवून पुस्तकाच्या पाठीला दोऱ्याचे टाके घालायचं काम ती बावीस वर्षं करत होती. मालक म्हणायचा, कागद फाटेल पण हिची शिवण उसवायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि धाकट्या भावाने आपली एक तिला दिली. बरी होऊन ती कामावर आली तेव्हा पोटावर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टरांची शिलाई बघितली मी. आपल्या मालकांनी नापास केली असती."

एवढंच सांगितलं तिने. पुढचं सांगितलं नाही. सकाळ-संध्याकाळ ठोक्याला घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या कशासाठी, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. भावाची किडनी शरीराला परकी वाटू नये म्हणून त्या गोळ्या तिची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवत होत्या. लोकांनी "बिचारी" म्हणून बघितलेलं तिला खपत नसे. तोंडावरच्या मास्कबद्दल कोणी विचारलंच तर "कागदाची धूळ सोसत नाही" म्हणून ती मोकळी व्हायची.

कटिंग मशीनवर मामा होते. वय बासष्ट, हाताचा पंजा फावड्याएवढा, आणि आयुष्यात एक दिवस आजारपणाची रजा नाही. त्या सोमवारी शाळेच्या पुस्तकांची घाई होती. मामांनी बाही वर केली तर कोपरापासून मनगटापर्यंत पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठलेला.

"हे काय झालं?" टाकेबाईने विचारलं.

"सरसाचं गरम भांडं लागलं असेल. दोन दिवस नुसती आग आग होतेय."

"असेल म्हणजे? भाजलेलं माणसाला कळत नाही होय?"

मामा हसले. दोन फोड फुटले होते, त्यांचं पाणी छापील कागदांवर पडेल म्हणून तिनेच ते कापसाने टिपले, स्वच्छ सुती पट्टी बांधली आणि पुन्हा सुई हातात घेतली. हात धुतले ते जेवायच्या सुट्टीत.

गुरुवारी दुपारी मामा दवाखान्यातून परत आले आणि मालकाला म्हणाले, "भाजलं नव्हतं. नागीण आहे. डॉक्टर म्हणाले, कांजिण्यांचाच विषाणू, झाकून ठेवा. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्यात त्यांना काही भीती नाही."

टाकेबाईच्या हातातली सुई थांबली. तिला आठवेना. आई असती तर तिला विचारलं असतं. तिने भावाला फोन लावला.

"लहानपणी मला कांजिण्या झाल्या होत्या का रे?"

भाऊ सावकाश म्हणाला, "मला झाल्या होत्या, ताई. तुला लागू नयेत म्हणून आईने तुला महिनाभर मावशीकडे ठेवलं होतं. का गं?"

तासाभरात दोघं किडनीच्या डॉक्टरीणबाईंसमोर होती. बाईंनी जुनी फाइल काढली. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत लिहिलेलं होतं, कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नाही. लस तेव्हाच द्यायची होती, पण तब्येत इतकी झपाट्याने ढासळली की तेवढा वेळच मिळाला नव्हता. आणि आता या गोळ्यांवर ती जिवंत विषाणूची लस चालणार नव्हती.

"विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन असतं," बाई म्हणाल्या. "जितकं लवकर तितकं चांगलं. सोमवारी अकराला पट्टी बांधलीत ना? मग उद्या अकराच्या आत, चार दिवस भरायच्या आधी मिळालं तर उत्तम. इथे ते नाही. मी फोन केलाय, आठ तासांवरच्या शहरात दोन कुप्या आहेत."

भावाने पुढचं ऐकलंच नाही. गाडीची किल्ली त्याच्या हातातच होती. ऑपरेशनपासून तो बहिणीला तळहातावरच्या फोडासारखी जपत आला होता.

शुक्रवारी सकाळी टाकेबाई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. साडेआठ झाले, नऊ झाले. भावाचा फोन लागेना. सव्वानऊला लागला, तर म्हणे पुलावर ट्रक आडवा झालाय. समोरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून ती फरशीच्या रेघा मोजत बसली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी भाऊ बर्फाचा डबा छातीशी धरून जिना चढला. शर्ट घामाने भिजलेला. दोन्ही मांड्यांत सुया टोचल्या गेल्या तेव्हा अकराला सहा मिनिटं कमी होती.

"सुटलो?" भावाने विचारलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "या इंजेक्शनने आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. पण उशिराही येऊ शकतो. अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवायचं."

त्या दिवसांत घरातला आरसा तिचा वैरी झाला. रोज सकाळी मान, पाठ, केसांची मुळं तपासायची. डास चावला तरी ती भावाला हाक मारून दाखवी. ताप दिवसातून चारदा मोजायचा. भाऊ वरवर थट्टा करी, पण थर्मामीटर तिच्या हातात असेपर्यंत त्याचा घास घशाखाली उतरत नसे.

एकोणिसाव्या दिवशी पारा शंभराच्या वर गेला. विसाव्या दिवशी कानामागे तीन फोड दिसले.

तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, शिरेतून औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी खोकला आला आणि एक्स-रेत फुप्फुसावर पुसट सावली दिसली. डॉक्टरीणबाईंनी प्रतिकारशक्ती दाबणारी एक गोळी बंद केली. ती चालू ठेवावी तर विषाणू माजणार, बंद करावी तर शरीर भावाच्या किडनीवर उठणार. इकडे आड, तिकडे विहीर. रोज सकाळी रक्त जायचं आणि दुपारी किडनीच्या बिघाडाचा आकडा यायचा. तो तीन दिवस वर चढत राहिला.

कांजिण्या होऊन गेलेल्यांनाच खोलीत जायची परवानगी होती. म्हणजे भाऊ, एक नर्स, आणि हाताच्या खपल्या गळून गेल्यावर मामा. मामा दाराशी आले ते आत पाऊल टाकेनात. तिथेच डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आम्ही एका खोलीत सात जण काम करतो. मालकाच्या बायकोनेही माझी पट्टी बदलली. तिला काही नाही. मग हिलाच का?"

"मालकिणीबाईंना लहानपणी होऊन गेल्या असतील. त्यांचं शरीर या विषाणूला ओळखतं, आल्या आल्या धरतं. यांच्या शरीराने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. वर गोळ्यांनी ते अर्धं झोपलेलं. विषाणू तोच, मामा. माणसं निराळी."

"आणि माझ्याकडे कुठून आला?"

"तो तुमच्यातच होता, पन्नास-पंचावन्न वर्षं. तुमच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तेव्हा मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसला. वय झालं, जोर कमी झाला की बाहेर येतो. तुम्ही रक्तातली साखर कधी तपासलीय?"

मामांनी मान हलवली. आयुष्यात कधीच नाही. त्याच दिवशी तपासली, तर बरीच वाढलेली निघाली.

मग ते आत गेले आणि पलंगाशेजारी उभे राहिले. "तू मला का नाही सांगितलंस? मी हात लावू दिला असता का तुला?"

टाकेबाईला धाप लागत होती. "तुम्ही सगळे मला जपायला लागला असता."

"मग काय बिघडलं असतं?"

ती भिंतीकडे तोंड करून रडली. मामा पाण्याचा पेला धरून उभे राहिले.

दाखल झाल्याच्या पाचव्या दिवशी नवे फोड आले नाहीत. सहाव्या दिवशी ताप उतरला. किडनीचा आकडा थांबला आणि हळूहळू खाली यायला लागला, पण अगदी पूर्वीच्या जागी कधीच गेला नाही. बंद केलेली गोळी परत सुरू झाली. भाऊ दवाखान्याच्या जिन्यात बसून पहिल्यांदा पोटभर जेवला.

दोन महिन्यांनी ती कामावर गेली. मालकाने तिचं टेबल खिडकीपाशी हलवलं होतं. टाकेबाई बसली नाही. सगळ्यांचं काम थांबवून तिने गोळ्यांची डबी उघडली आणि एकेक गोळी काय करते ते सांगितलं. कोणालाही ताप, खोकला, अंगावर फोड, काहीही झालं तरी आधी मला कळवा, मला वाईट वाटणार नाही, म्हणाली. मामा मशीन बंद करून, हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते.