केळीच्या थंड खोलीत चोवीस मुलं

शिशुवर्गाच्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. नाकं पुसून, डबे शोधून, उलटे घातलेले बूट सुलटे करून दिवस संपला की ते आपोआप मागे उरतात. माझ्याकडे तेरा वर्षांचे उरलेत. पण स्टाफरूममध्ये चहा आला की फर्माईश एकाच सहलीची होते!

सगळ्या शाळा मुलांना बागेत नेतात. मी म्हटलं, जळगावची मुलं आहेत, केळी पिकवतात ते कोल्ड स्टोरेज दाखवू. आमच्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "न्या. पण जेवढे नेले तेवढे परत आले पाहिजेत. एक जरी मागे राहिला, तर यापुढे तुमच्या वर्गाची सहल शाळेच्या अंगणात."

"मोजून आणीन," मी म्हटलं. मोजण्यात मी कधी चुकत नाही!

*

पालकसभेत एक बाबा उठले. "मॅडम, आमची अकरा एकर केळी आहे. पोरगं चोवीस तास केळीतच असतं. त्याला परत केळीच दाखवणार?"

"दादा, ती उन्हातली. आम्ही एसीतली बघणार!"

संमतीपत्रावर पहिली सही त्यांचीच आली.

*

आत गार असतं, म्हणून मी चिठ्ठी पाठवली होती की मुलांसोबत स्वेटर द्यावा. आमच्या आया भारी काळजीवाहू. एप्रिलचा महिना, सकाळी नऊलाच डांबर मऊ झालेलं, आणि गेटवर चोवीस मुलं स्वेटर, कानटोपी आणि मोजे घालून घामाघूम उभी!

एक रिक्षावाला थांबलाच. "बाई, काश्मीरला का?"

"नाही हो, पाचोरा रोडला!"

तो मान हलवत निघून गेला. मी चोवीस कानटोप्या काढून पिशवीत भरल्या.

*

कोल्ड स्टोरेजचे मालक म्हणजे नाना. पांढरी टोपी, पांढरे कपडे, आणि केळीच्या धंद्यात उभा जन्म गेलेला. त्यांनी मोठा दरवाजा सरकवला. आत छतापर्यंत क्रेट, त्यात हिरवीगार केळी. मुलांना समजेल असं काहीतरी सांगावं म्हणून नाना हळूच म्हणाले, "बठ्ठी केळी आठे झोपेल शेत. उठतीन तव्हय पिवळी व्हतीन."

झालं! सगळी केळी इथं झोपलीत म्हटल्यावर सगळा वर्ग चवड्यांवर चालायला लागला. क्रेट उचलणारे हमालसुद्धा कुजबुजत बोलू लागले.

तेवढ्यात गार्गीनं विचारलं, "यांची आई कुठंय?"

नानांच्या आधी त्या अकरा एकरवाल्यांचा ओम बोलला. "आईला कापतात. घड काढला की कापतात."

तिघींनी भोकाड पसरलं. नाना टोपी काढून डोकं खाजवत बसले. "बाई, इतकी वरीसं धंदा करी राहिनू, माले असं कोनी इचारं नही!"

शेवटी ओमनंच समजूत काढली. "पण आईच्या शेजारी पिल असतं ना. ते मोठं होतं." पिल म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब. मुली गप्प झाल्या. खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटला.

*

नानांनी प्रेमानं सगळ्यांपुढे पिकलेली केळी ठेवली. एकानंही हात लावला नाही. "केळी रोजच असतात. चिप्स आहेत का?"

नाना हिरमुसले नाहीत. माणूस पाठवून वेफर्स मागवले. मुलांनी पिशव्या चाटूनपुसून साफ केल्या.

वेफर्स केळीचेच होते!

*

निघताना मी बसमध्ये मुलं मोजली. चोवीस. ड्रायव्हरला ऐटीत म्हटलं, "चला!"

पण फाटकापाशी वजनकाटा आहे. तिथला नियम असा की आत येणारी प्रत्येक गाडी काट्यावर चढते आणि जातानाही चढते, मग ती ट्रक असो की शाळेची बस. काटेवाल्या भाऊंनी येतानाची चिठ्ठी काढली, आकडा पाहिला आणि फाटक उघडलंच नाही.

"बाई, साठ किलो कमी भरतंय."

"म्हणजे?"

त्यांनी खिडकीतून एकेका मुलाकडे पाहत हिशेब केला. "एक पोरगं पंधरा किलोचं धरा. चार पोरं कमी शेत!"

मी पुन्हा मोजलं. चोवीस. हजेरीपत्रक काढून एकेकाला उभं करून मोजलं. चोवीस!

"तुमचा काटा बिघडलाय, भाऊ."

"काटा नही बिघडत, बाई. रोज ट्रका मोजस."

मोठ्या बाईंचा चष्मा डोळ्यांपुढे आला. चार मुलं मागे राहिली आणि मला ती आठवतसुद्धा नाहीत, या विचारानं मला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून गार्गी म्हणाली, "बाई, अक्का कुठंय?"

अक्का म्हणजे आमच्या शाळेच्या मदतनीस. धुळ्याकडच्या, साठीच्या, आणि वजनानंही साठच्याच. सकाळपासून चोवीस जणांना शू करायला नेऊन आणणाऱ्या त्या एकट्याच!

मी पळत आत गेले. माल काढून रिकाम्या झालेल्या एका खोलीचा दरवाजा सताड उघडा होता. आत अजून छान गारवा होता. अक्का पालथ्या क्रेटवर पाय पसरून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"अक्का! चला! बस काट्यावर अडकलीय!"

त्यांनी एक डोळा उघडला, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"तुम्ही चाला, बाई. मी पिकीसन येसु."