कमूच्या पाठीवरून डॅन्यूब

खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची कमू ऑस्ट्रियात पोचली ती आजींची व्हीलचेअर ढकलत. ठाण्यात चार वर्षं ती आजींना सांभाळत होती. मुलगा आणि सून बारा दिवसांत सहा देश उरकायला निघाले, तेव्हा आजी म्हणाल्या, "कमू असेल तर मी येते." असा कमूचा पासपोर्ट निघाला.

सहल कसली, नुसती हजेरी! बस थांबायची, लोक उतरून फोटो काढायचे, परत बसायचे. पायऱ्या दिसल्या की टूर मॅनेजर गोड हसायचा, "आजी, तुम्ही बसमध्येच आराम करा." पाच ठिकाणी आजींनी आराम केला. शेजारी बसून कमूचा जीव जळत होता.

सहाव्या ठिकाणी डोंगरावर पडका गड होता. आजींनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर डॅन्यूब नदी शेकडो वेळा काढली. या गडावरून तिचं मोठं वळण नकाशातल्यासारखं दिसतं, हे त्यांनी घरीच वाचून ठेवलं होतं. अख्ख्या सहलीत त्यांना एवढंच बघायचं होतं.

"एकशे साठ पायऱ्या आहेत," मॅनेजर म्हणाला. "आजी, तुम्ही..."

"बरं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मान फिरवली. मुलगा तोवर वर निघूनसुद्धा गेला होता.

कमूच्या डोक्यात तिडीक गेली. एकशे साठ पायऱ्या म्हणजे काय डोंगर कोसळला? तिच्या पाड्याला अजून रस्ता नाही. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत, डोलीत घालून, डांबरीपर्यंत न्यायचं. एका पावसाळ्यात गडी भिवंडीला कामावर होते. तेव्हा बाळंतपणात अडलेल्या सकूला कमूनं आणि आणखी तिघींनी चिखलातून खांद्यावर नेलं होतं. सकू वाचली.

इथे डोली नव्हती, दुसरा खांदाही नव्हता. पायऱ्यांपाशी व्हीलचेअर लावून कमू आजींसमोर पाठ करून खाली बसली.

"आजी, बसा पाठीवर."

"वेडी आहेस का? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हनतील ते आपल्याला कुठं कळतंय इथं? बसा."

आजींना हसू फुटलं आणि त्यांनी कमूच्या गळ्यात हात टाकले. कमूनं आजींची शाल त्यांच्याखालून घेऊन आपल्या छातीवर घट्ट गाठ मारली. दर वीस पायऱ्यांना भिंतीला टेकायचं, आणि चढताना बोलायचं नाही. दवाखान्यासाठी तिनं माणसं वाहिली होती. नुसतं काही बघायला माणूस उचलून न्यायची ही पहिलीच खेप, आणि त्याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

वर पोचल्यावर आजींनी पाठीवरूनच हात लांबवला आणि बोटानं हवेत नदीचं वळण काढलं. "अगदी अशीच," म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मुलगा धावत आला. "पडली असती म्हणजे? कुणाला विचारून आणलंस हिला?"

"त्यांनाच इचारलं," कमू म्हणाली. "वरडा खाली गेल्यावर, दादा. उतरताना मानूस जड हुतो. आमच्यात पुढं एक जन चालतो, पाय घसरला तर आडवा व्हायाला. तुमी व्हा पुढं."

तो पुढे झाला. एकशे साठ पायऱ्या तो आईच्या पुढे, दर पायरीला मागे बघत उतरला. खाली बस सुरू होती. मॅनेजरनं लांबूनच घड्याळावर बोट ठेवलं.

"थांबा," मुलगा ओरडला. "आई उतरतेय."