साखळीतली पवनचक्की

विठोजीमामा तीस वर्षं एका पवनचक्कीला तेल घालत होता. शहराबाहेर के. आर. पुरमच्या पलीकडे तळ्याकाठच्या दलदलीत ती उभी होती; कुण्या गोऱ्याने चिखलातलं पाणी उपसून कोबी लावायला बांधलेली. गोरा गेला, कोबी गेला, मामा राहिला. भागूमामी म्हणायची, ह्यांचं पहिलं लग्न चक्कीशी लागलंय. त्यात फारसं खोटं नव्हतं.

दरवर्षी खंडेनवमीला मामा चक्कीचं चाक दोराने बांधायचा, कारण त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नसतं. झेंडूची माळ, कोहळा, हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी दोर सोडायचा. एकसष्ट साली नेमका खंडेनवमीलाच सरकारी खात्याचा इंजिनिअर सुधींद्र आला. जुनी म्हणून चक्की जतन करायची होती. रस्त्याकडे तोंड करून निमूट उभी असलेली ती सजलेली चक्की त्याला इतकी आवडली, की कायम तशीच ठेवायचं ठरलं. महिन्याभरात रंग आला, कुंपण आलं आणि चाकाला आणि त्याला वाऱ्यासमोर वळवणाऱ्या शेपटीला कुलपाची साखळी आली.

वादळात चक्की शेपूट मुडपून, चाक वाऱ्यापासून बाजूला वळवून अंग चोरते म्हणून टिकते. जखडली तर मोडणारच. मामाने ऑफिसात चार खेटे घातले.

"स्वल्प ढिली तरी ठेवा, साहेब. वारं आलं तर तिला वळाय पायजे."

"तूच बांधत होतास की दरवर्षी," सुधींद्र म्हणाला. "तेव्हा काय झालं?"

एक दिवस आणि जन्मभर यातला फरक इंजिनिअरला समजावून सांगावा लागतो, याचा मला आजही संताप येतो.

वैशाखात भर दुपारी वादळ आलं आणि मनोरा करकरू लागला. साठीचा मामा छिन्नी-हातोडा घेऊन वर चढला, त्याने कुलूप फोडलं, चाक बाजूला वळलं. चक्की वाचली. मामाची खात्यातली राखणदाराची नोकरी मात्र गेली, सरकारी मालमत्तेची मोडतोड केली म्हणून. कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं लेखी मिळालं. नवी साखळी आधीच्यापेक्षा जाड होती.

मामा-मामी शहरात चामराजपेटला आमच्याकडे राहायला आली. आषाढात वारा सुटला की मामा भरल्या ताटावरून उठून खिडकीशी उभा राहायचा. तिथून दिसत काहीच नव्हतं. दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या आषाढात पत्रे उडतील असा वारा सुटला, तेव्हा तो देवापुढे हात जोडून बसला. चक्की वाचू दे म्हणून साकडं घालताय का, असं मामीने विचारलं.

"नाही," मामा म्हणाला. "आज पडू दे म्हणतोय. सुटेल तरी."