मधल्या घराचं कापड

गेल्या थंडीत, एका रविवारी दुपारी, माझ्या मामींनी मामांचा निळा शर्ट कापला. मामा त्याआधी आठ वर्षांपासून बेपत्ता होते आणि तेवढी वर्षं तो शर्ट दाराआडच्या खुंटीवर होता.

घोडपदेवला मामी राहतात त्या चाळीत त्यांच्या कात्रीला घाबरत नाही असा माणूस नाही. मामी गोधड्या शिवतात. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाला हव्यात म्हणूनही नाही. कापड दिसलं की त्यांचा हात थांबत नाही एवढंच. गॅलरीत वाळत घातलेला परकर जरा विटला की त्या दोन बोटांत धरून पारखतात, आणि परकराची मालकीण समोर उभी असली तरी विचारतात, "अजून किती दिवस घालणार आहेस?" पाहुणा आला की आधी त्याची कॉलर बघतात, मग चहाचं विचारतात. माझ्या पहिल्या नोकरीतला एक शर्ट मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना धुवायला टाकला, तो परत मिळाला नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मेल्या, तो शर्ट होता की झारा?" पुढे शेजारच्या बाळाच्या गोधडीत तो मला दिसला. खिसासुद्धा तसाच ठेवला होता, बाळाला गंमत म्हणून.

त्यांची शिवायची पद्धत ठरलेली आहे. जुनी लुगडी एकावर एक जमिनीवर पसरायची, एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर तांदळाचा डबा, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर घरात जे कुणी मोकळं असेल ते. मामा घरात होते तेव्हा तिसरा कोपरा त्यांचा. तिथे बसून ते पेपर वाचत आणि उठले की मामी ओरडत, कारण कापड सरके. प्रत्येक चौकोनाला मामी घर म्हणतात. आधी मधलं घर, वीतभर. त्याच्या चार बाजूंना चार पट्ट्या, पट्ट्यांच्या कडा नखाने आत मुडपून, वरून धावदोरा. सुईत दोरा ओवणं आता त्यांना जमत नाही. म्हणून त्या दारात बसतात आणि जिन्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ओवून घेतात. कुरिअरवाल्यालाही सुटका नाही. नवं कापड त्यांना चालत नाही. मी एकदा हौसेने दादरहून कापडाचे तुकडे विकत नेले होते. त्यांनी ते हातात घेऊन बाजूला ठेवले. म्हणाल्या, "ह्याला अजून माणूसच माहीत नाही."

मामा विसरायला लागले होते. डिलाईल रोडला एका जुन्या मित्राकडे जातो म्हणून सकाळी निघाले आणि तिथे पोहोचले नाहीत. मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. बेपत्ता व्यक्तीची चार ओळींची बातमी मीच लिहिली. अंगात पांढरा शर्ट, असं त्यात होतं. छापून आल्यावर मामींनी मला बोलावून घेतलं. शर्ट पांढरा नव्हता, मोतिया होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. लोक पांढऱ्या शर्टातला माणूस शोधत बसतील आणि हे समोरून निघून जातील. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. त्याने काही झालं नाही. पोलिसांकडे, इस्पितळांत, गावाकडे, सगळीकडे चौकशी झाली. मामींनी मामांचं बाकीचं कापड हळूहळू वापरलं: लुंग्या, बनियन, एक जुनी पँट. निळ्या शर्टाला मात्र हात लावला नाही. तो मामांनी परत आल्यावर घालायचा होता.

चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा अडचण आली. खोली मामांच्या नावावर. ती मामींच्या नावावर करायची तर मामा हयात नाहीत असं कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागेल, असं वकिलाने त्यांच्या मुलीला, माझ्या मामेबहिणीला, सांगितलं. अर्ज मामींनी करायचा होता. मामी करत नव्हत्या. मुलगी चिडे, रडे, मला फोन करी. तीही वाट बघून थकली होती. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली आणि तो विषय काही काळ मागे पडला.

नातीची गोधडी मामींनी लगेच शिवायला घेतली नाही. त्यांच्याकडची रीत अशी की घरातल्या पहिल्या नातवंडाच्या गोधडीत मधलं घर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या अंगावरच्या कापडाचं हवं. मामींच्या साड्या होत्या, पण घरात सर्वांत मोठ्या मामी नव्हत्या, मामा होते. त्या रविवारी त्यांनी शर्ट खुंटीवरून काढला, पाठीकडून कापला, आणि मधलं घर बसवलं.

मुलीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, आईने अखेर मानलं. पुढच्या रविवारी ती मामांचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून घेऊन आली, सोबत झेंडूचा हार. मी तिथे होतो. मामींनी फोटो पुसला, नीट पाहिला, केस फार काळे दाखवलेत म्हणाल्या. मग हार उचलून मुलीकडे दिला.

"चांगलाय. दाराला लाव."

"आई, तू त्यांचा शर्ट कापलास."

"कापला. पोरीच्या अंगावर आजोबांचं काही नको?"

"मग ते आल्यावर काय घालतील?" हे मुलगी रागाने बोलली.

मामींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "हां. ते राहिलंच."

मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हार मी दाराला लावला.

त्याच आठवड्यात मामी मला घेऊन लालबागला त्यांच्या जुन्या शिंप्याकडे गेल्या. निळं कापड त्यांनी घरूनच पिशवीत आणलं होतं. कोरं, घडी न मोडलेलं. शिंप्याने मामांचं माप जुन्या वहीतून काढलं आणि तसंच ठेवू का विचारलं. मामी म्हणाल्या, "नको. आता उतरले असतील. खांद्यात अर्धा इंच कमी करा, बाह्या तशाच ठेवा." शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने माप बदलून लिहिलं.

नातीची गोधडी पूर्ण झाली आहे. कोर्टात अर्ज झालेला नाही. शर्ट शिवून झाल्याचा शिंप्याचा फोन आला तेव्हा मामींचे गुडघे दुखत होते. मुलगी जाऊन तो घेऊन आली.