काकाजींची उन्हाची पेटी

सूर्यावर घरच्या माणसासारखा रुसणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो घासलेट विकायचा. केनवडच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी हायस्कुलात सायन्सचा मास्तर म्हणून नवाच लागलो होतो आणि खोली शोधत हिंडत होतो. माझं आडनाव कळेपर्यंत खोली रिकामी असायची. कळलं की घरमालकाला एकाएकी आठवायचं, आपला पुतण्या राहायला येणार आहे. त्या आठवड्यात गावात एवढे पुतणे येऊ घातले होते की केनवडची वस्ती दुप्पट झाली असती. काकाजींनी आडनाव विचारलंच नाही. गिऱ्हाइकाच्या बाटलीत घासलेट ओतता ओतता म्हणाले, "सायन्सवाले ना तुमी? मंग सांगा, काळा रंग ऊन काहून पिते?" मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी नरसाळं खाली ठेवलं. "वर खोली हाय, धाब्याले लागून. सांजच्याले सामान घेऊन या."

काळ्या रंगाच्या त्या प्रश्नाचं कारण दोन दिवसांत समजलं. खालून काकूंचा, म्हणजे काकाजींच्या बायकोचा, खोकला ऐकू यायचा. चुलीचा धूर त्यांच्या छातीत बसला होता. वाशीमच्या डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून सांगितलं होतं, आणि स्टोव्हच्या वासानं तर त्यांना जास्तच ढास लागायची. म्हणजे गावाला घासलेट पुरवणाऱ्या माणसाच्या घरात घासलेट पेटवायची सोय नव्हती. अशा वेळी काकाजींनी कुठल्याशा पुडीच्या कागदावर वाचलं की उन्हात अन्न शिजतं. झालं. चहाचं एक खोकं दुसऱ्या खोक्यात बसलं, मधे भुसा भरला गेला, आतून काळा रंग, वर दोन काचा. झाकणाला आरसा हवा होता. तो काकूंच्या कपाटाचा निघाला. पुढे महिनाभर काकू पाण्याच्या घागरीत वाकून कुंकू लावत होत्या.

पेटी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, ठेवलेली असे आणि सूर्याबरोबर फिरवावी लागे. त्यामुळे दर अर्ध्या तासानं काकाजी दुकान तसंच टाकून जिना चढत, आणि खाली डबे-बाटल्या घेतलेली रांग ताटकळत उभी राही. कुणी ओरडलंच तर वरून आवाज यायचा, "थांब नं बापा! तुह्यं घासलेट कुठं पळून राह्यलं? ऊन पळून राह्यलं इथं!" ढगाचा तुकडा आडवा आला की ते कमरेवर हात ठेवून वर बघत आणि "हे काई बरं नाई" असं सूर्याला ऐकवत. मला त्यांनी विनामोबदला मुनीम नेमलं होतं. शाळेतून आलो की तूरडाळीचा दाणा चिमटीत धरून सांगायचं, शिजला की नाही. कितीतरी दिवस तो नाहीच शिजला. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. काकाजी उन्हाच्या शेवटच्या तिरिपेपर्यंत आशा धरून बसत, आणि अखेर काकू खाली जाऊन चूल पेटवत. मग तो खोकला. धाब्यावर आम्ही दोघं सायन्सवाले एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

काकूंचं आणि माझं बोलणं बेताचंच होतं. मला पाणी द्यायचं तर त्या तांब्या उंबऱ्यावर ठेवत आणि मागे सरत. वाईट काही बोलत नसत, पण हातात देत नसत. काकाजी तेवढ्यापुरते छताकडे बघत.

मार्च महिन्यात एकदा मी शाळेतून आलो तर दुकान उघडं, रांग गायब आणि सगळी रांगच वर धाब्यावर. काकाजींनी काच उचलली. वाफ आली. डाळ बोटानं दाबली तर मऊ मेण. भात मोकळा. काकाजी नुसतेच माझा खांदा हलवत राहिले. काकूंनी तीन ताटं आणली. एक काकाजींपुढे ठेवलं, एक स्वतःला घेतलं. तिसरं हातात धरून त्या माझ्यासमोर क्षणभर घोटाळल्या. मग म्हणाल्या, "घ्या सर. धरा." मी धरलं. गरम होतं, पण सोडवेना. रांगेतला कुणीतरी म्हणाला, "अन् आमचं घासलेट?" त्यावर काकू हसल्या. खोकल्याशिवाय त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो उन्हाळा माझ्या आठवणीत फार मोठा आहे. चूल थंड होती. पण पावसाळ्यात पेटी खाली आली, आणि पुढच्याच वर्षी माझी बदली शेलूबाजारला झाली. श्रावणातल्या एका रविवारी मी जीप धरून केनवडला गेलो. आभाळ आठ दिवस उघडलं नव्हतं. स्वयंपाकघरात डोकावलो तर चुलीपुढे काकाजी. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि फुंकणी हातात धरून ते कोळशावर ओरडत होते. भाकरीला कुठलाच आकार नव्हता. काकूंना त्यांनी बाहेर ओसरीवर बसवून ठेवलं होतं.

"सर," ते म्हणाले, "उन्हाळ्यातलं ऊन पावसाळ्यासाठी ठेवाची काई तजवीज नाई का तुमच्या सायन्सात?"

मी म्हटलं, आहे. बाहेरच्या देशांत उन्हापासून वीज करतात, ती साठवतात, आकाशातले उपग्रहसुद्धा त्यावर चालतात.

"आपल्या केनवडले कवा येईन?"

मला ठाऊक नव्हतं. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या धुरात त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "सहा वर्षं धरा."

काकाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ओसरीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आयकलं का? सहाच वर्सं म्हनून राह्यले सर! तवर मी करतो भाकरी."

काकू पुढे दोनच पावसाळे जगल्या. काकाजी त्यानंतर भाकरी छान गोल करायला शिकले, असं कळलं. मी तीस वर्षं फळ्यावर उत्तरं लिहिली. बहुतेक बरोबर असावीत, पण त्यातलं एकही आता आठवत नाही. ते सहा वर्षांचं तेवढं आठवतं. चुकीचं होतं. त्या चुलीपुढे मला पुन्हा कुणी उभं केलं, तर मी सहाच सांगेन.